आपण कामावर कशाने जातो, हे ठरवते कोण?

रोजच्या प्रवासाचे साधन आपण कसे निवडतो आणि त्या निवडीत इतरांचा वाटा किती असतो, या विषयावर वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे आणि वैयक्तिक तपशील वगळून प्रश्नाचा गाभा तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : मी रोज स्वतःच्या मोटारीने कामावर जातो. वेळ, खर्च आणि सोय यांचा पूर्ण हिशेब करून मी हा निर्णय घेतलेला आहे. शेजारी किंवा सहकारी काय करतात याच्याशी माझ्या निर्णयाचा काही संबंध नाही. तरीही प्रवासाच्या निवडीवर सामाजिक प्रभाव असतो, असे वारंवार वाचनात येते. तो खरोखर असतो का, आणि असल्यास मला जाणवत का नाही?

आपण हिशेब केला आहे याविषयी मला शंका नाही. त्या हिशेबातील आकडे कोठून आले, हे मात्र एकदा तपासून पाहावे असे मी सुचवेन. मोटारीने किती वेळ लागतो हे आपल्याला रोजच कळते. बसने किंवा सायकलने किती वेळ लागतो, हे आपण स्वतः घड्याळ लावून शेवटचे केव्हा पाहिले होते? ज्या साधनाने आपण जात नाही त्याविषयीची आपली माहिती बहुतेक वेळा ऐकीव असते. बस कधी वेळेवर येत नाही, गाडीत पाय ठेवायला जागा नसते, त्या रस्त्याने सायकल चालवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे, ही वाक्ये कोणीतरी मधल्या सुट्टीत बोलून गेलेले असते आणि ती आपल्या हिशेबात सिद्ध झालेल्या गोष्टींप्रमाणे जाऊन बसतात. त्यांतील काही खरीही असतील, पण ती आपण पडताळलेली नसतात.

मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड या मानसशास्त्रज्ञांनी 1955 मध्ये सामाजिक प्रभावाचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले आणि प्रवासाच्या बाबतीत ही विभागणी आजही उपयोगी पडते. पहिला प्रकार माहितीचा : इतके लोक ज्या मार्गाने जातात तो मार्ग बरा असला पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. दुसरा अपेक्षेचा : आपण अमुक साधनाने गेलो तर लोक आपल्याविषयी काय म्हणतील, याचा विचार आपल्याही नकळत मनात येऊन जातो. आपण ज्याला सामाजिक प्रभाव म्हणून नाकारत आहात तो बहुधा हा दुसरा प्रकार आहे. पहिला प्रकार प्रभाव म्हणून ओळखूच येत नाही, कारण तो आपल्याला अक्कल किंवा अनुभव वाटतो.

जाणवत का नाही, या आपल्या प्रश्नाला जवळचे उत्तर वीजवापराच्या एका अभ्यासात सापडते. जेसिका नोलन, रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2008 मध्ये तो प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातील 800 हून अधिक लोकांना त्यांनी विचारले की, आपण वीज वाचवता ती कशासाठी. पर्यावरण, समाजाचे हित आणि पैशांची बचत ही कारणे लोकांनी वर ठेवली आणि ‘शेजारी वाचवतात म्हणून’ हे कारण सर्वांत खाली ठेवले. प्रत्यक्ष वागणुकीशी ताडून पाहिल्यावर मात्र शेजारी काय करतात याविषयीच्या समजुतीचाच संबंध सर्वांत घट्ट निघाला. ही माणसे खोटे बोलत नव्हती. आपल्या वागण्यामागचे हे कारण त्यांना आतून दिसत नव्हते, इतकेच.

मोटारीविषयी बोलायचे तर नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठाच्या लिंडा स्टेग यांनी 2005 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, कामावर जाण्यासाठी मोटार किती वापरली जाते याचा संबंध सोयीच्या हेतूंपेक्षा मोटारीमुळे वाटणारी प्रतिष्ठा आणि ती चालवण्याचा आनंद यांच्याशी अधिक होता. फिनलंडमधील मोटारखरेदीच्या नोंदी तपासून 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, अगदी जवळच्या शेजाऱ्याने नुकतीच मोटार घेतली असेल तर आपणही घेण्याची शक्यता वाढते, असे दिसले. या अभ्यासातील एक गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. संशोधकांचा कल या परिणामाचे कारण मत्सर मानण्याकडे नव्हता. शेजाऱ्यांमध्ये होणारी माहितीची देवाणघेवाण हे कारण त्यांना अधिक पटले. शेजाऱ्याची नवी मोटार पाहून आपल्या मनात जळफळाट होत नाही, म्हणून आपल्यावर परिणामही होत नाही, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच बरोबर नाही.

यावरून आपला निर्णय चुकीचा आहे असे मात्र ठरत नाही. आपल्या परिस्थितीत मोटार हेच योग्य साधन असू शकेल. दोन आठवड्यांतून एक दिवस दुसऱ्या साधनाने जाऊन लागलेला वेळ आणि आलेला खर्च लिहून ठेवा. मग तो हिशेब खऱ्या अर्थाने आपला होईल.

प्रश्न : घरापासून कार्यालय जवळ आहे आणि मला सायकलने जायला आवडेल. पण आमच्याकडे सायकलने कोणीच येत नाही. वरिष्ठ पदावरील सर्वजण मोटारीने येतात. मी सायकलने गेले तर मोटार परवडत नाही म्हणून आले, असे लोकांना वाटेल या विचारानेच माझे पाऊल मागे येते. हा संकोच बालिश आहे का?

अजिबात नाही. माणूस आपल्या गटात कसा दिसतो याची काळजी करतो, ती त्या गटात त्याला रोज राहायचे असते म्हणून. हा संकोच बाळगणाऱ्या कोणालाही ‘लोकांकडे लक्ष देऊ नका’ असे सांगणे सोपे आहे आणि माझ्या मते त्याचा उपयोग फारसा होत नाही.

सॉलोमन अ‍ॅश यांनी 1950 च्या दशकात केलेले प्रयोग या बाबतीत अजूनही बोलके आहेत. तीन रेषांपैकी कोणती रेषा दिलेल्या रेषेइतकी लांब आहे, एवढेच सांगायचे होते आणि उत्तर उघड दिसत होते. पण खोलीतील इतर सर्वांनी, म्हणजे आधीच सांगून ठेवलेल्या साथीदारांनी, एकमुखाने चुकीचे उत्तर दिले की, खऱ्या सहभागी व्यक्तींची सुमारे एक तृतीयांश उत्तरेही त्यांच्यासारखीच चुकत. या प्रयोगाविषयी बोलताना लोक बहुधा येथेच थांबतात. त्यापुढचा भाग आपल्या उपयोगाचा आहे. अ‍ॅश यांनी खोलीतील एकाच साथीदाराला बरोबर उत्तर द्यायला सांगितले, तेव्हा चुकीच्या उत्तरांचे प्रमाण आधीच्या साधारण चौथ्या हिश्श्यावर आले. बहुमत तेवढेच होते. फक्त ते एकमुखी राहिले नव्हते.

म्हणून कार्यालयातील सर्वांचे मत बदलण्याचे ओझे आपण घेऊ नये. सोबत एक व्यक्ती मिळवावी. ती त्याच मजल्यावरची असेल तर उत्तम, दुसऱ्या विभागातील असली तरी चालेल. ‘आठवड्यातून दोन दिवस मी सायकलने येण्याचा विचार करते आहे, आपण याल का?’ असे मोकळेपणाने विचारून पाहावे. अनेक ठिकाणी असे घडते की, प्रत्येकाला सायकल चालवावीशी वाटते, पण इतरांना ते कमीपणाचे वाटेल असे प्रत्येकजण गृहीत धरतो आणि सगळे मिळून गप्प बसतात. एकमेकांच्या मनाविषयीच्या चुकीच्या समजुतीवर संपूर्ण गट असा चालत राहतो. ती समजूत विचारल्याशिवाय दूर होत नाही.

आपल्या प्रश्नात प्रतिष्ठेचा जो मुद्दा आहे त्याविषयीही थोडे लिहायला हवे. कोणतेही वाहन स्वतःहून प्रतिष्ठेचे नसते; ते कोण वापरते, यावर त्याची प्रतिष्ठा ठरते. कोपनहेगनमध्ये सूट घालून सायकलवर निघालेल्या माणसाकडे कोणी वळूनही पाहत नाही. जेथे वरिष्ठ मोटारीने येतात तेथे मोटार हे पदाचे चिन्ह होते, आणि तेथील एखाद्या वरिष्ठाने सायकल धरली तर हेच चिन्ह हलू लागते. आपल्या कार्यालयात असा एखादा वरिष्ठ असेल, ज्याला व्यायामाची आवड आहे किंवा वाहनतळातील गर्दीचा कंटाळा आला आहे, तर त्याने महिन्यातून दोनदा सायकलने येणे हे इतरांना दिलेल्या दहा व्याख्यानांपेक्षा अधिक परिणाम करील, असे मला मनापासून वाटते.

एका गोष्टीची मात्र गल्लत होऊ देऊ नका. संकोच वेगळा आणि भीती वेगळी. रस्ता खरोखरच धोक्याचा असेल तर धैर्य दाखवण्याचा आग्रह मी धरणार नाही. तरीही हे लक्षात घेण्यासारखे आहे की, सुरक्षिततासुद्धा इतरांच्या निवडीवर अवलंबून असते. पीटर जेकबसन यांनी 2003 मध्ये अनेक शहरांतील आणि देशांतील आकडेवारी एकत्र करून दाखवले की, पायी चालणाऱ्यांची किंवा सायकलस्वारांची संख्या दुप्पट झाली तर अपघात दुप्पट होत नाहीत. प्रत्येक व्यक्तीचा धोका साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. वाहनचालकांना सायकलस्वार दिसण्याची सवय होते, हे त्याचे त्यांनी मांडलेले स्पष्टीकरण आहे. एखाद्या रस्त्यावर सायकलींची संख्या वाढली की तेथे रस्ता सुधारण्याची मागणीही जोर धरते, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे दरवेळी वेगळे काढता येत नाही. पण आपल्याला मिळालेली सोबत केवळ मनाला धीर देत नाही, ती रस्त्यावरही उपयोगी पडते, एवढे यावरून म्हणता येते.

प्रश्न : मुलांची शाळा घरापासून पायी पंधरा मिनिटांवर आहे. बहुतेक पालक मुलांना मोटारीने सोडतात. शाळेच्या दारापाशी वाहनांची इतकी गर्दी होते की, मुलांना पायी पाठवणे आम्हाला असुरक्षित वाटते. म्हणून आम्हीही मोटारच काढतो. हे चक्र मोडायचे कसे?

आपण चक्राचे वर्णन अचूक केले आहे. प्रत्येक कुटुंबाचा निर्णय त्याच्या जागी समजण्यासारखा आहे आणि ज्या धोक्यापासून प्रत्येकजण मुलाला वाचवू पाहतो तो धोका या सर्व निर्णयांच्या बेरजेतूनच उभा राहिला आहे.

हे चक्र किती वेगाने फिरते याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये नोंदले गेले आहे. मेयर हिलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1971 मध्ये तेथील सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी 80 टक्के मुले मोठ्यांच्या सोबतीशिवाय शाळेत जात. 1990 मध्ये हे प्रमाण 9 टक्क्यांवर आले होते. या काळात रस्त्यावरील अपघातांत दगावणाऱ्या मुलांची संख्या घटली होती आणि त्यावरून रस्ते सुरक्षित झाले असा दावा केला जात असे. हिलमन यांचे म्हणणे असे होते की, रस्ते सुरक्षित झालेले नाहीत; मुलांनाच रस्त्यावरून बाजूला काढण्यात आले आहे. एकोणीस वर्षांत, म्हणजे एका पिढीच्याही आत, ‘मुलाला एकटे पाठवणे’ ही नेहमीची गोष्ट निष्काळजीपणा मानली जाऊ लागली. चांगला पालक कोणाला म्हणायचे, याची व्याख्या अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या वागण्यातून बदलते आणि मग तिच्या विरुद्ध जाणे पालकांना फार जड जाते. आपल्याला वाटणारी भीती केवळ गाड्यांची नसावी. ‘यांनी मुलाला पायी कसे पाठवले?’ या प्रश्नाचीही ती असावी, आणि तसे असल्यास त्यात लाजण्यासारखे काही नाही.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1978 मध्ये मांडलेली एक कल्पना येथे वाट दाखवते. कोणतीही नवी गोष्ट करण्यापूर्वी ‘आधी किती जणांनी करायला हवी’ याचा प्रत्येकाचा एक उंबरठा असतो, असे त्यांनी मानले. समजा शंभर कुटुंबे आहेत. एक कुटुंब कोणाचीही वाट न पाहता मुलांना पायी पाठवायला तयार आहे, दुसऱ्याला आधी एक कुटुंब हवे, तिसऱ्याला दोन, आणि असेच शेवटच्या कुटुंबापर्यंत. अशा वस्तीत पहिल्याने सुरुवात केली की साखळी पुढे सरकत जाते आणि शंभरही कुटुंबे पायी येऊ लागतात. आता यात एकच फरक करा : ज्या कुटुंबाला आधी एकच कुटुंब हवे होते, त्याला दोन हवीत असे धरा. साखळी पहिल्याच कुटुंबापाशी तुटते. नव्याण्णव कुटुंबे मोटारीतच राहतात आणि बाहेरून पाहणारा म्हणतो, ‘या वस्तीतल्या लोकांना चालण्याची आवडच नाही.’ दोन्ही वस्त्यांतील माणसे जवळजवळ सारखीच आहेत, हे त्याला दिसत नाही. हे उदाहरण मी मुद्दाम विस्ताराने दिले, कारण एखाद्या प्रयत्नाला प्रतिसाद मिळाला नाही की आपण लोकांच्या वृत्तीला दोष देऊन मोकळे होतो. कमतरता बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या कुटुंबाची असते.

तेव्हा पालकसभेत सर्वांना आवाहन करण्यापासून सुरुवात करू नका. आपल्याच रस्त्यावरील चार कुटुंबे शोधा आणि त्यांच्याशी एक अट घालून बोला : ‘पाच कुटुंबे तयार झाली तरच सोमवारपासून सुरू करू, नाहीतर कोणीच नाही.’ अशा अटीमुळे पहिला होण्याची जोखीम कोणाच्याच वाट्याला येत नाही. मुलांनी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या वाटेने, एक-दोन पालकांच्या सोबतीने गटाने चालत जायचे आणि वाटेतील मुलांनी आपापल्या घरापाशी त्यात सामील व्हायचे, ही पद्धत ‘चालती बस’ या अर्थाच्या नावाने अनेक देशांत रुळली आहे. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड एंगविक्ट यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना पुढे आणली असे मानले जाते. पालकांनी पाळीपाळीने सोबत केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यातून एखादीच सकाळ येते. शाळेने दारासमोरचा थोडा भाग सकाळी अर्धा तास वाहनांसाठी बंद ठेवला, तर उरलेल्या भीतीचे खरे कारणही कमी होईल. शाळेकडे ही मागणी पाच कुटुंबांनी मिळून करावी.

प्रश्न : आमच्या संस्थेत मी प्रशासनाचे काम पाहतो. वाहनतळ अपुरा पडतो म्हणून आम्ही ‘आपल्यापैकी बहुतेकजण एकट्यासाठी मोटार आणतात, कृपया हे थांबवा’ असे फलक लावले. सहा महिन्यांत काहीही फरक पडला नाही. असे का झाले?

आपल्या फलकावर दोन संदेश आहेत आणि ते एकमेकांविरुद्ध काम करतात. ‘थांबवा’ हा एक. ‘बहुतेकजण असेच करतात’ हा दुसरा, आणि वाचणाऱ्याच्या मनात हा दुसराच रुजतो.

अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडाचे एक राष्ट्रीय उद्यान आहे आणि तेथून लाकडाचे तुकडे चोरीला जात असत. चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे वाटांवर खुणा केलेले तुकडे ठेवून वेगवेगळे फलक तपासले. ‘पूर्वी आलेल्या अनेकांनी लाकूड नेले आहे आणि त्यामुळे जंगलाचे रूप बदलले आहे’ अशा आशयाच्या फलकाखाली सुमारे 8 टक्के तुकडे नाहीसे झाले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढेच सांगणाऱ्या फलकाखाली 2 टक्क्यांहून कमी. वाईट वागणूक सर्वत्र पसरली आहे अशी तक्रार करणारे आपण सर्वजण नकळत तिची जाहिरात करत असतो.

मग फलक उलटा लिहावा का? कॅनडातील एका विद्यापीठात केलेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या प्रयोगात, ‘आपल्यापैकी बऱ्याच जणांनी मोटारीऐवजी दुसरे साधन धरले आहे’ असे ज्यांना सांगितले गेले त्यांनी कामावर जाण्यासाठी मोटारीचा वापर कमी केला. इतर कामांच्या फेऱ्यांत मात्र फरक पडला नाही. हे उत्साह वाढवणारे आहे, परंतु येथेच थांबलो तर मी आपली दिशाभूल केल्यासारखे होईल. अरियेला क्रिस्टल आणि अ‍ॅशली व्हिलन्स यांनी 2020 मध्ये पाच क्षेत्रीय प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका मोठ्या विमानतळाच्या हजारो कर्मचाऱ्यांना पत्रे आणि संदेश पाठवून एकट्याने मोटार आणणे कमी करण्याचा तो प्रयत्न होता. पाचही प्रयोग अयशस्वी ठरले. स्वीडनमधील 14,000 हून अधिक लोकांवर झालेल्या आणखी एका प्रयोगात ‘इतरही सार्वजनिक वाहतूक वापरतात’ या अर्थाच्या मजकुराचा परिणाम झाला नाही. विनामूल्य प्रवासाची मुदत वाढवल्यावर मात्र अधिक लोकांनी प्रवासपत्र घेतले आणि मुदत संपल्यानंतरही त्यांचा वापर टिकला.

यावरून माझे मत असे झाले आहे की, इतरांचा प्रभाव कागदावर लिहून पाठवता येत नाही, तो डोळ्यांना दिसावा लागतो. अनोळखी लोकांच्या टक्केवारीपेक्षा शेजारच्या खुर्चीवरील सहकारी बसमधून उतरताना दिसणे अधिक परिणाम करते. शिवाय ज्याच्या घराजवळून बसच जात नाही त्याला कितीही संदेश पाठवले तरी तो बसने कसा येणार? म्हणून क्रम बदलावा. आधी सोय करा : सायकलींसाठी छप्पर असलेली जागा प्रवेशद्वाराजवळ, सर्वांना दिसेल अशी, कपडे बदलण्यासाठी खोली, बसच्या वेळांशी जुळणारी कामाची वेळ, आणि मोटारीतून एकत्र येणाऱ्यांसाठी वाहनतळातील जवळच्या जागा. सर्वांत जवळची जागा जोपर्यंत सर्वांत वरच्या अधिकाऱ्याच्या मोटारीसाठी राखीव आहे, तोपर्यंत संस्थेला काय मोलाचे वाटते हे कर्मचारी त्या जागेवरूनच ओळखतील. संदेश या सर्वांनंतर आणि जे खरे आहे तेवढेच सांगणारे असावेत. सायकलने येणारे सहाच असतील आणि गेल्या वर्षी दोन होते, तर ‘दोनाचे सहा झाले’ असे लिहा. फुगवलेला आकडा सहकारी एका दिवसात ओळखतात आणि त्यानंतर संस्थेच्या खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

प्रश्न : हजारो प्रवाशांमध्ये मी एकटीने बस सोडली किंवा धरली तर कोणाला काय फरक पडतो?

दिसत नसला तरी पडतो. अर्थशास्त्रज्ञ हर्बर्ट मोहरिंग यांनी 1972 मध्ये दाखवून दिले की, सार्वजनिक वाहतुकीत प्रवासी वाढले की फेऱ्या वाढवता येतात आणि फेऱ्या वाढल्या की प्रत्येकाचे थांबणे कमी होते. तासाला दोन गाड्या असतील तर वेळ न पाहता थांब्यावर येणाऱ्याला सरासरी पंधरा मिनिटे थांबावे लागते. चार असतील तर साडेसात. रस्त्यावरची मोटार दुसऱ्या मोटारीचा वेळ खाते, बसमधला प्रवासी मात्र दुसऱ्या प्रवाशाचा वेळ वाचवतो, निदान गाडी खचाखच भरेपर्यंत तरी. हेच उलट्या दिशेनेही घडते. प्रवासी घटले की फेऱ्या कमी होतात, थांबणे वाढते, आणखी काहीजण बस सोडतात आणि शेवटी ज्यांच्यापाशी दुसरे काहीच साधन नाही तेवढेच उरतात. त्यानंतर बस ही ‘नाइलाजाने वापरायची गोष्ट’ ठरते. अंगावर बसलेली ही ओळख पुसायला नव्या गाड्या आणण्यापेक्षा जास्त काळ लागतो.

प्रश्न : आमच्या शहरात मोटारींवर निर्बंध आणण्याचा विषय निघाला की, ‘लोकांना ते मान्य होणार नाही’ असे सांगून तो मिटवला जातो. लोकमत खरोखर इतके अढळ असते का? आणि वैयक्तिक पातळीवर, पुढील महिन्यात माझी नोकरीची जागा बदलत असल्याने मी मोटार सोडून पाहावी म्हणतो. त्यासाठी ही वेळ योग्य आहे का?

आपल्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, म्हणून एकत्र उत्तर देतो.

स्टॉकहोममध्ये मध्यवर्ती भागात येणाऱ्या मोटारींवर शुल्क लावण्याचा प्रयोग जानेवारी ते जुलै 2006 या काळात झाला. प्रयोग सुरू होण्यापूर्वी बहुसंख्य लोक त्याच्या विरोधात होते. शुल्क सुरू होताच या भागाच्या सीमेवरील वाहतूक सुमारे 20 टक्क्यांनी घटली आणि हा फरक लोकांना रस्त्यांवर उघड दिसला. सप्टेंबर 2006 मध्ये झालेल्या सार्वमतात शहराच्या रहिवाशांनी थोड्या बहुमताने शुल्काच्या बाजूने कौल दिला. ऑगस्ट 2007 पासून ते कायमचे झाले आणि पुढील काही वर्षांत पाठिंबा वाढतच गेला. वाहतूकतज्ज्ञ योनास इलियासन यांनी या बदलाचा बारकाईने मागोवा घेतला आहे. त्यांनी नोंदवलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते : ज्यांनी मोटारीच्या फेऱ्या कमी केल्या होत्या त्यांच्यापैकी बहुतेकांना आपण काही बदल केला आहे हे ठाऊकच नव्हते, आणि अनेकांना आपले मत आधीपासूनच अनुकूल होते असे वाटत होते. प्रवासाविषयीची मते बहुतांशी समोर दिसणाऱ्या परिस्थितीतून तयार होतात. ‘लोकांना मान्य होणार नाही’ हे वाक्य आजच्या परिस्थितीतील लोकांविषयी खरे असते; परिस्थिती बदलल्यानंतर तेच लोक काय म्हणतील, हे त्यावरून कळत नाही. म्हणून निर्बंध कायमचे लादण्याआधी ठराविक मुदतीचा प्रयोग करून त्यानंतर लोकांना विचारणे, ही स्टॉकहोमची रीत मला न्याय्य वाटते. अर्थात त्या शहरात प्रयोगाच्या आधीच बसच्या फेऱ्या वाढवल्या होत्या, हे विसरून चालणार नाही.

आता आपल्याविषयी. फेब्रुवारी 2014 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत दोन दिवस संप झाला, अनेक स्थानके बंद राहिली आणि प्रवाशांना नाइलाजाने दुसरे मार्ग शोधावे लागले. संप संपल्यावर त्यांतील सुमारे 5 टक्के प्रवासी नव्या मार्गावरच राहिले. वर्षानुवर्षे रोज ये-जा करणाऱ्यांपैकीही काहींना आपला चांगला मार्ग सापडलेला नव्हता, असा याचा अर्थ होतो. जुनी सवय पक्की असते तेव्हा माणूस पर्यायांची चौकशीच करत नाही. घर किंवा नोकरी बदलली की ती सवय काही काळ सैल होते. बास व्हेरप्लांकन आणि डेबोरा रॉय यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नव्या घरी राहायला गेलेल्यांमध्ये बदलाचे प्रयत्न पहिल्या तीन महिन्यांत अधिक परिणामकारक ठरल्याचे दिसले. तेव्हा आपण निवडलेली वेळ उत्तम आहे.

नव्या जागी रुजू होण्याच्या आधीच एका सुट्टीच्या दिवशी बसने किंवा सायकलने तो मार्ग एकदा जाऊन पाहा. पहिल्या दिवशी मोटार नेऊ नका. कारण नवे सहकारी आपल्याला पहिल्या आठवड्यात ज्या साधनाने येताना पाहतील त्याच साधनाचा माणूस म्हणून ओळखतील, आणि त्या ओळखीप्रमाणे राहणे आपल्याला सोपे जाईल. जेवणाच्या सुट्टीत ‘आपण कोणत्या बाजूने येता?’ असे चार जणांना विचारा. त्याच बसने येणारा एकजण सापडला तर त्याच्याबरोबर संध्याकाळी थांब्यापर्यंत चालत जा.